आधी काढायचे, मग घालायचे

जुनी मोटार घेऊन ती घरच्या घरी सुधारायची असे ज्याच्या मनात येते, त्याची पहिली यादी हमखास नव्या वस्तूंची असते. झगझगीत दिवे, रुंद टायर, सीटकव्हर, जमल्यास टचस्क्रीनचा म्युझिक सिस्टीम. प्रत्यक्ष बॉनेट उघडून, डॅशबोर्डखाली डोके घालून आठवडाभर काम केले की ती यादी बाजूला पडते. पाव शतक चाललेल्या गाडीत कारखान्याने दिलेल्या वस्तूंच्या जोडीला आधीच्या मालकांनी, त्यांच्या मेव्हण्यांनी आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक गॅरेजवाल्याने आपापली भर घातलेली असते. ती भर वेचून काढणे हेच दुरुस्तीचे निम्म्याहून अधिक काम आहे, आणि ते नीट झाले तर पुढच्या सुधारणांपैकी बऱ्याचशांची गरजच उरत नाही, असे माझे मत होत गेले आहे.

माझी गाडी १९९८ सालची मारुती ८००. कोल्हापूर पासिंग, चार गिअर, कार्ब्युरेटरचे (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या यांत्रिक भागाचे) इंजिन, एसी नाही, ब्रेकला बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नाही. मी तिची तिसरी मालकीण. मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, १९८६ मध्ये तिचा आजच्या ओळखीचा आकार आला आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत देशात तिच्या २५ लाखांहून अधिक गाड्या खपल्या. १ एप्रिल २००० पासून प्रदूषणाचे नवे निकष देशभर आले आणि हळूहळू कार्ब्युरेटर जाऊन त्याजागी संगणकाने चालणारे इंधन-इंजेक्शन आले. मला मुद्दाम त्याच्या अलीकडची, म्हणजे संगणक नसलेलीच गाडी हवी होती. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे, ४० अश्वशक्तीच्याही आतले ते इंजिन बॉनेटखाली आडवे बसते आणि त्याच्या चहूबाजूंनी हात जाईल एवढी जागा उरते. रेडिएटर एका हाताने उचलता येतो. सगळी गाडीच साडेसहाशे किलोच्या आसपास असल्यामुळे घरच्या साध्या जॅकवर ती कुरकुर न करता चढते. शिवाय हेच इंजिन ओम्नीमध्ये २०१९ पर्यंत येत होते, त्यामुळे त्याचे गॅस्केट, ऑइल सील, टायमिंग बेल्ट असले सुटे भाग आजही दुकानात मागितले की मिळतात. जुनी गाडी निवडताना रंग आणि किलोमीटर पाहण्याआधी तिचे सुटे भाग कोणत्या दुसऱ्या गाडीला लागतात हे पाहावे, एवढा सल्ला मी न विचारताही देते.

हत्यारांचा फार बडेजाव लागत नाही. या गाडीचे बहुतेक सगळे नट-बोल्ट १०, १२, १४ आणि १७ च्या पान्यांनी निघतात. एका गोष्टीकडे मात्र घरी काम करणाऱ्यांचे लक्ष नसते. कार्ब्युरेटरवरचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात आणि आपल्याकडचा नेहमीचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटला तरी तळापर्यंत बसत नाही. जोर लावला की तो उसळून वर येतो आणि स्क्रूच्या डोक्याची चाळण होते. माझ्या कार्ब्युरेटरचे निम्मे स्क्रू असे आधीच गुळगुळीत होऊन आले होते. जपानी टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर मागवला, काही स्क्रू छिनी लावून हलके ठोकत फिरवून काढले, नवे बसवले. खर्च किरकोळ, पण तो झाला नसता तर पुढचे काहीच झाले नसते. आणि गाडीखाली जायचे असेल तर जॅकच्या भरवशावर कधीही जायचे नाही. लोखंडी स्टँड लावून, गाडी हाताने हलवून पाहूनच आत सरकायचे. माझ्या घरात हा नियम गॅस बंद करण्याच्या नियमाइतकाच कडक आहे.

काढण्याची सुरुवात विजेपासून झाली. डॅशबोर्डखालच्या मूळ वायरिंगचे रंग ठरलेले असतात आणि नकाशा हाती असला की कोणती तार कुठून कुठे जाते ते सहज कळते. माझ्या गाडीत त्या रंगांवरून तीन निराळ्या काळांतल्या लाल तारा गेल्या होत्या. एक कधीकाळी बसवलेल्या टेपची, एक चोर-अलार्मची, आणि तिसरी दारांत लावलेल्या निळ्या शोभेच्या दिव्यांची. टेप, अलार्म आणि दिवे केव्हाच निघून गेले होते. तारा राहिल्या होत्या, त्यांच्या उघड्या टोकांना लावलेली चिकटपट्टी उन्हाने वितळून चिकट काळा लगदा झाला होता, आणि त्यांतली एक तार फ्यूजला वळसा घालून थेट बॅटरीच्या धनटोकावर आणून बांधली होती. गाडीला आग लागायला एवढे पुरते. मी बॅटरी सोडवली आणि प्रत्येक परकी तार तिच्या मुळापर्यंत शोधत काढली. मूळ तारेचे आवरण खरवडून जिथे जोड घेतला होता तिथे नवा तुकडा डाखला, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. शेवटी काढलेल्या तारांचे जे भेंडोळे हातात राहिले ते पाहून शेजारच्या काकांनी विचारले, ‘‘एवढं काढल्यावर गाडी चालू होती का अजून?’’ होत होती, आणि रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरी उतरण्याची तिची जुनी खोडही गेली होती.

पुढच्या दिव्यांची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ‘‘८०० चे दिवे मिणमिणते’’ ही तक्रार सगळीकडे ऐकू येते आणि त्यावरचा लोकप्रिय इलाज चुकीचा आहे. मालक दुकानात जातो, ६०/५५ वॅटच्या मूळ बल्बऐवजी १०० वॅटचा बल्ब घालतो; काही महिन्यांत बल्बचा होल्डर वितळतो, मग स्विच जळतो. मूळ रचनेत दिव्यांची सगळी वीज स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या स्विचमधून, बारीक तारांतून, लांबचा फेरा घेऊन बल्बपर्यंत जाते. मी इंजिन चालू ठेवून मल्टिमीटर लावला तेव्हा बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि बल्बच्या पायाशी ११.६. सव्वादोन व्होल्ट वाटेतच तारा आणि स्विच तापवण्यात खर्च होत होते. व्होल्ट कमी झाले की बल्बचा प्रकाश त्याच प्रमाणात कमी होत नाही, तो फार वेगाने पडतो. दहा टक्के व्होल्ट घटले तर प्रकाश तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. या हिशेबाने माझ्या गाडीचा जवळजवळ निम्मा प्रकाश रस्त्यावर पोहोचतच नव्हता. उपाय दोन रिलेंचा, म्हणजे थोड्या विजेच्या खुणेवर मोठी वीज सोडणाऱ्या स्विचांचा. बॅटरीपासून फ्यूज लावून एक जाड तार रिलेपर्यंत, रिलेपासून बल्बपर्यंत, बल्बपासून बॉडीच्या खरवडून स्वच्छ केलेल्या पत्र्यावर चांगली अर्थिंग. जुन्या स्विचने आता फक्त रिलेला खूण करायची. त्यानंतर बल्बपाशी १३.५ व्होल्ट मिळू लागले. बल्ब तोच, ६०/५५ चा. पिवळ्या काचेचा, निळ्या काचेचा, एलईडीचा असा कोणताही प्रयोग केला नाही. साध्या बल्बच्या तारेच्या जागेशी जुळवून घडवलेल्या परावर्तकात एलईडीचा बल्ब खोचला की प्रकाश रस्त्यावर पडण्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि रात्री पन्हाळ्याच्या वळणांवर असल्या गाड्या समोरून येतात तेव्हा त्यांच्या मालकांविषयी माझे विचार छापण्यासारखे नसतात.

विजेचे काम संपल्यावर पाण्याचे निघाले. गाडी घेताना विकणाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले होते की चढावर ती गरम होते, पण ‘‘थर्मोस्टॅट काढून टाकलाय, आता काही टेन्शन नाही.’’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात ऐकायला मिळेल. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधली मेणाच्या गोळीवर चालणारी झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरून लवकर तापते. पाणी साधारण ८२ अंशांच्या आसपास आले की मेण वितळून फुगते, झडप ढकलली जाते आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. जुना झाल्यावर थर्मोस्टॅट कधी बंद अवस्थेत अडकतो, तेव्हा गाडी खरोखर गरम होते आणि रस्त्यात अडकलेल्या माणसाला तो काढून टाकल्याने घरी पोहोचता येते. तेवढ्यापुरते ते शहाणपणच आहे. माझा राग त्या मेकॅनिकवर नाही. घरी पोहोचल्यावर तीन-चारशे रुपयांचा नवा भाग न बसवता वर्षानुवर्षे तसेच फिरणाऱ्यांवर आहे. झडप नसलेले इंजिन सकाळी फार वेळ कोमटच राहते. मग चोक ओढून ठेवावा लागतो, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरते, ॲव्हरेज घसरते, आणि मूळ रोग असतो तिथेच राहतो.

माझ्या गाडीत तो रोग दोन ठिकाणी होता. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या नळ्या बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी निम्म्याअधिक बुजल्या होत्या, आणि पंखा आपोआप सुरू करणारा स्विच बिघडल्यावर तो न बदलता पंखा ‘डायरेक्ट’ करून त्याचे बटण डॅशबोर्डवर दिले होते, म्हणजे पंखा लावायची आठवण चालवणाऱ्याने ठेवायची. रेडिएटर दुरुस्त करणाऱ्याने वरची टाकी डाखसोडून नळ्यांतून सळ्या फिरवल्या, तेव्हा विटकरी रंगाची जी पूड निघाली ती घमेल्यात मावेना. स्विच नवा आला, बटण गेले. रेडिएटरचे झाकणही बदलले, ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित दुरुस्ती आहे. झाकणातली स्प्रिंग सुमारे ०.९ बार दाब धरून ठेवते आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग मेली की तेच पाणी शंभरालाच उसळते. कोल्हापुरात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असा प्रश्न मला विचारला जातो. कूलंट हवे ते गंज रोखण्यासाठी. इंजिनचा ब्लॉक बिडाचा, वरचे हेड ॲल्युमिनियमचे, रेडिएटर तांब्याचा; इतके निरनिराळे धातू नळाच्या पाण्यात एकत्र ठेवले की जे होते ते मी शाळेत मुलांना विद्युतघटाच्या धड्यात दाखवते.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो तपासून घ्यावा, कारण डबीत निघणारा प्रत्येक भाग चांगला असतोच असे नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक आणला, चहाच्या पातेल्यात पाणी ठेवले आणि थर्मोस्टॅट दोऱ्याने असा टांगला की तो तळाला टेकणार नाही. साठ अंशांना काही नाही, सत्तरला काही नाही. ऐंशीच्या पुढे पारा सरकला तशी पितळी चकतीच्या कडेला केसाएवढी फट दिसली, मग ती सावकाश रुंदावत नखाएवढी झाली. गॅस बंद केल्यावर चकती तितक्याच सावकाश परत मिटली. मुलगी म्हणाली, ‘‘आई, हे वर्गात दाखव की!’’ दाखवले. झडप बसवून, पाण्यातली हवा काढून गाडी जोतिबाच्या चढाला नेली. रविवार होता, गर्दी होती, दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जावे लागले. काटा मधोमध चढून थांबला, थोड्या वेळाने पंखा आपला आपण सुरू झाल्याचा आवाज आला, काही वेळाने बंद झाला. मला त्या दिवशी देवापेक्षा पंख्याचे जास्त कौतुक वाटले हे खरे.

ब्रेकच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. इंजिन बंद पडले तर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहतो; ब्रेक गेला तर काय होते ते गगनबावड्याहून करूळ घाटाने कोकणात उतरणाऱ्याला सांगावे लागत नाही. बूस्टर नसलेल्या गाडीत पायाचा सगळा जोर थेट ऑइलवर जातो, त्यामुळे त्या ऑइलची आणि रबरांची प्रकृती पायाला कळते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषत राहते. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलेल्या ऑइलला तीच मर्यादा १४० अंशांपर्यंत चालते. घाटात सतत ब्रेक दाबून पुढच्या डिस्क तापल्या की असले ऑइल कॅलिपरमध्ये (डिस्कला आवळणाऱ्या चिमट्यात) उकळते, वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल फळीपर्यंत जाते. माझ्या गाडीतले ऑइल काळ्या चहाच्या रंगाचे निघाले. मागच्या चाकांचे दोन्ही व्हील सिलिंडर पाझरत होते, आणि पाझर दिसू नये म्हणून कोणीतरी ड्रमच्या आत लायनरवर पॉलिश पेपर मारून ते तसेच परत बसवले होते. सिलिंडर, लायनर, रबरी होज, मास्टर सिलिंडरचे किट, सगळे नवे घेतले. पुढच्या कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून बसल्या होत्या, त्या काढून घासून ब्रेकच्याच ग्रीसने परत बसवल्या; साधे ग्रीस तिथे रबर फुगवते.

ड्रम घेऊन मी उद्यमनगरात गेले. कोल्हापुरात राहून गाडी दुरुस्त करण्याचा हा मोठा फायदा. शेतीपंपांच्या ऑइल इंजिनांपासून साखर कारखान्यांच्या भागांपर्यंत सगळे ज्यांच्या हाताखालून गेले आहे असे लेथवाले तिथे दारोदार आहेत आणि दहा सेंटिमीटरचा तुकडा घेऊन जाणाऱ्यालाही ते परत पाठवत नाहीत. मिस्त्रींनी ड्रम व्हर्नियरला लावला, बाहेरच्या बाजूला ओतीव अक्षरांत असलेला जास्तीत जास्त व्यासाचा आकडा बोटाने पुसून वाचला आणि ड्रम माझ्याकडे परत दिला. ‘‘वहिनी, ह्यो आता लेथवर चढवायचा न्हाई. माप संपलं त्याचं. नवं दोन घ्या, त्ये आना, म्या त्याला तोंड मारून देतो.’’ पंधरा मिनिटांचे काम करून पैसे घेणे त्यांना सहज शक्य होते. घरी काम करण्याचा अर्थ सगळे आपणच करणे असा मी घेत नाही. ज्या कामाला यंत्र आणि वीस वर्षांचा हात लागतो ते बाहेर द्यावे. काय करायचे आणि का, हे मात्र आपल्याला माहीत असावे.

ब्रेकमधली हवा काढण्याचे काम दोघांचे आहे. मुलगी सीटवर, मी चाकापाशी. ‘‘दाब.’’ ‘‘दाबला.’’ ‘‘धरून ठेव.’’ मी निपल पाव आटा सैल करायची, पारदर्शक नळीतून बुडबुड्यांसह ऑइल बाटलीत यायचे, निपल आवळायचा. ‘‘आता सोड.’’ मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात आणि जवळच्या चाकाशी शेवट. नळीत बुडबुडा येईनासा झाला तेव्हा तिने स्वतःच सांगितले की पेडल आता दगडासारखे लागते.

कार्ब्युरेटर उघडण्याची वेळ आली तेव्हा एक स्थानिक गंमत समोर आली. आमच्या जिल्ह्यात ऊस आहे, कारखाने आहेत आणि कारखान्यांच्या आसवन्यांतून इथेनॉल निघते. तेच पेट्रोलमध्ये मिसळले जाते. देशाने जून २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०३० साठी ठरवलेले २० टक्क्यांचे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्ये पूर्ण केले. म्हणजे हंगामात ज्या उसाच्या ट्रॉल्यांमागे मी कंटाळून रांगत जाते, त्यातलाच काही ऊस वेगळ्या रूपाने माझ्या टाकीत येतो. शेतकऱ्याच्या बाजूने या धोरणाविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. १९९८ च्या गाडीच्या बाजूने थोडे आहे, तेवढेच सांगते. त्या काळच्या पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा ज्या रबराचा असे ते इथेनॉलने आधी फुगते, मग कडक होऊन तडकते. इथेनॉल टाकीच्या तळाचा जुना मळही सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. गाडी फार दिवस उभी राहिली तर ते हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी मी इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीची घेतली, पंपाचा पडदा बदलला, फिल्टर नवा घातला आणि पुढचे काही महिने तो वरचेवर बदलत राहिले.

मिश्रणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे नऊ. त्यामुळे २० टक्के मिश्रणाला १३.५ च्या आसपास हवा पुरते. नव्या गाडीत धुराच्या वाटेवर बसलेला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला यातले काही कळत नाही. पेट्रोल मापून सोडणाऱ्या पितळेच्या जेटला जेवढे भोक आहे तेवढेच पेट्रोल जाणार, आणि तेवढ्या पेट्रोलला हवा जास्त होणार. गाडी सकाळी लवकर धरत नाही, ॲक्सिलरेटर दाबताना क्षणभर अडखळते, आणि लोक म्हणतात जुनी झाली. मी कार्ब्युरेटर पूर्ण खोलला, फ्लोट चेंबरच्या, म्हणजे त्यातल्या पेट्रोलच्या छोट्या कप्प्याच्या, तळाचा हिरवट साका साफ केला, कार्ब्युरेटरमधल्या छोट्या पंपाचा पडदा आणि सुईचा व्हॉल्व किटमधले नवे घातले, आणि मेन जेट एक माप मोठा बसवला. जेटमध्ये तार कधीही घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते, आणि किती मोठे झाले ते कळायला मार्ग उरत नाही. माझ्या जुन्या जेटमध्ये तार फिरवल्याचे ओरखडे भिंगातून स्पष्ट दिसत होते. ट्यूनिंग झाल्यावर पीयूसी केंद्रावर नेली. या वयाच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. आधीच्या मालकाच्या शेवटच्या कागदावर प्रमाण २.८ होते, आता ते एकाच्या खाली आले. केंद्रावरच्या मुलाने नळी धुराड्यात पुन्हा एकदा खोचून खात्री करून घेतली.

गंजाविषयी थोडक्यात. गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि गाडीचा पहिला मालक त्याच बाजूचा होता. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून फिरवले की जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा संपून लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचा लगदा, सुरू झालेली असते. माझ्या गाडीत ते वीतभर अंतरावर नुसतेच घसरत गेले. खालून गंजावरच जाड काळे कोटिंग मारले होते. असे कोटिंग ओल आत कोंडून ठेवते आणि पत्रा नजरेआड सडत राहतो. ते सगळे खरवडले, दारांच्या तळाची पाणी निथळण्याची भोके चिखलाने बुजली होती ती मोकळी केली, सडलेला भाग कापून वेल्डरकडून नव्या पत्र्याचे तुकडे लावून घेतले, मग गंजरोधक, प्रायमर, सांध्यांना सीलर आणि सगळ्यांत शेवटी कोटिंग. रंगाच्या छटेत थोडा फरक राहिला आहे. राहू दे.

आता घालण्याविषयी. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने उत्पादकाने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. मोठे इंजिन बसवण्याची हौस असणाऱ्यांना ही अडचण वाटते. मला नाही वाटत. ४० अश्वशक्तीच्या गाडीला साठची शक्ती देऊन तिचे ब्रेक, टायर आणि पत्रा आहे तसाच ठेवायचा, यात सुधारणा काय झाली? ही गाडी आजच्या अर्थाने सुरक्षित नाही. तिला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही, दाराचा पत्रा पातळ आहे, आणि यातले काहीही घरी बसवता येत नाही. म्हणून जे बसवता येते तेवढे बसवले. टायर नवे घेतले, कारण जुन्यांची नक्षी शाबूत असली तरी कडेवर चार आकडी तारखेचा शिक्का १२१४ असा, म्हणजे २०१४ च्या बाराव्या आठवड्याचा होता आणि रबराला बारीक चिरा पडल्या होत्या. मागच्या सीटला पट्टे नीट बसवले. ब्रेकचा तिसरा दिवा मागच्या काचेत लावला. आणि द्रुतगती मार्गावर ती नेत नाही, हाही त्याच यादीतला एक भाग समजावा.

कागदांचा खर्च वाढत चालला आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नूतनीकरण करावे लागते आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांपुढच्या मोटारीसाठी त्याचे शुल्क १०,००० रुपये झाले आहे. त्याशिवाय पर्यावरण कर वेगळा. गाडीला सुट्या भागांपायी झालेला खर्च तिच्या बाजारभावाच्या पुढे केव्हाच गेला. हा हिशेब मी घरात उघडपणे मांडला आहे, कारण तो लपवला की पुढच्या भागासाठी पैसे मागताना तोंड राहत नाही.

सध्या वाद आहे तो एसीचा. मे महिन्यात दुपारी सांगलीपर्यंत जाऊन आल्यावर मुलीने तो विषय काढला आणि तिच्या वडिलांनी तिची बाजू घेतली. माझे म्हणणे असे की कॉम्प्रेसर आधीच तोकड्या शक्तीतून वाटा घेणार, कंडेन्सर रेडिएटरच्या तोंडासमोर बसून त्याची हवा अडवणार, आणि जोतिबाच्या चढाला मधोमध थांबलेला काटा पुन्हा वर सरकणार. ते टाळायचे तर एसीच्या गाडीचा जाड रेडिएटर, दुसरा पंखा आणि मोठा अल्टरनेटर हे सगळे आधी बसवावे लागेल. त्यावर दोघांनी मिळून भंगारात निघालेल्या एका एसीवाल्या ८०० चा अख्खा संच हुडकून काढला. मी जाऊन पाहिला. कॉम्प्रेसरचे बेअरिंग आवाज करते, कंडेन्सर चेपला आहे, पण रेडिएटर आणि पंखा उत्तम आहेत. तेवढेच दोन द्या, असे मी म्हणाले. संच फोडून विकणार नाही, असे भंगारवाल्याने सांगितले आहे, आणि बोलणी तिथे अडली आहेत.